पेनड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे कुणाला?

"पेनड्राइव्ह लावला, पण दिसत नाही." लिनक्सवर ही तक्रार ऐकली की आधी उलट प्रश्न विचारावा: कुणाला दिसत नाही? फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत नाव आलं नाही, की खुद्द कर्नेललाच (लिनक्सच्या गाभ्यालाच) पत्ता नाही? कदाचित कर्नेलला उपकरण कळलंय, पण त्यात डिस्क सापडत नाही. डिस्क असेल तर पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) नाही, पार्टिशन असेल तर त्यावरची फाइलसिस्टिम (फाइली मांडण्याची पद्धत) ओळखीची नाही. बाहेरून तक्रार एकाच वाक्याची, आत आजार निरनिराळे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की काय होतं ते पाहायचं असेल, तर पार्टिशन टेबल बिघडलेल्या डिस्कवर कुणी घाईने "फॉरमॅट" दाबलेलं पाहावं.

तीन उपाय लोक सवयीने करतात: पोर्ट बदलणं, मशीन रीस्टार्ट करणं, फॉरमॅट करणं. पहिला चांगला आहे. दुसरा निरुपद्रवी वाटतो, पण त्यात पुरावा जातो, कारण कर्नेलच्या नोंदी मेमरीत असतात आणि रीस्टार्टबरोबर पुसल्या जातात. सिस्टिमडीचा जर्नल (सिस्टिमची नोंदवही) डिस्कवर साठत असेल तर जर्नलसीटीएलला डॅश के आणि डॅश बी उणे १ हे पर्याय देऊन मागच्या बूटच्या नोंदी काढता येतात, पण तो सगळीकडे साठत नाही. तिसऱ्या उपायाबद्दल माझं मत कडक आहे. बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधी फॉरमॅट सुचवणाऱ्याला मशीनजवळ येऊ देऊ नये.

(आज्ञा इथे उच्चारतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना लहान रोमन अक्षरं वापरायची.)

ड्राइव्ह काढून ठेवा. टर्मिनल उघडून सुडो डीमेसेज (dmesg, कर्नेलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) डॅश डब्ल्यू चालवा आणि मग ड्राइव्ह लावा. हा डब्ल्यू महत्त्वाचा. त्याने नोंदी वाहत्या राहतात आणि ड्राइव्ह लावल्या क्षणी काय उमटलं ते नेमकं दिसतं. नुसतं डीमेसेज चालवलं तर बूटपासूनच्या हजार ओळींत आपल्या दहा ओळी शोधत बसावं लागतं. सुडोशिवाय, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराशिवाय, चालवल्यास लिनक्सच्या अनेक वितरणांवर परवानगी नाकारली जाते, त्याचा ड्राइव्हशी काही संबंध नाही.

धडधाकट पेनड्राइव्हच्या ओळी ठराविक क्रमाने येतात आणि तो क्रम ओळखीचा झाला की निम्मं काम होतं. पहिली ओळ सांगते की "हाय-स्पीड" किंवा "सुपरस्पीड" उपकरण एक्सएचसीआय या यूएसबी कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर आलंय. ओळीच्या सुरुवातीचं १-२ म्हणजे बस १, पोर्ट २. मध्ये हब असेल तर १-२.३ दिसेल, म्हणजे दुसऱ्या पोर्टवरच्या हबचं तिसरं तोंड. मग येतात उत्पादक आणि उत्पादनाचे चार-चार अंकी क्रमांक, उदाहरणार्थ सॅनडिस्कचा ०७८१. त्यानंतर मास स्टोरेज उपकरण सापडल्याची ओळ, मग स्कझी (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) होस्ट, मग एसडीबी किंवा एसडीसी हे नाव आणि क्षमता. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हची क्षमता इथे २८.६ किंवा २९ जीआयबीच्या (१०२४ च्या पटीतल्या मापाच्या) आसपास दिसली तर घाबरायचं कारण नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, कर्नेल दोन्ही मापं शेजारी छापतो. शेवटी एसडीबी१ अशी पार्टिशनची ओळ आणि "अटॅच्ड स्कझी रिमूव्हेबल डिस्क". ओळी जिथे थांबल्या, बिघाड त्याच्या लगेच पुढे. पेनड्राइव्हला स्कझीचं नाव कशाला, असं नवख्याला वाटतं. यूएसबी मास स्टोरेजमध्ये वाचा-लिहा हे हुकूम स्कझीच्याच भाषेत जातात, यूएसबी फक्त ते वाहून नेते. म्हणून दोघांच्या नोंदी एकाआड एक येतात आणि म्हणून यूएसबीचा थर ठणठणीत असताना स्कझीचा थर अडखळू शकतो.

समजा, काहीच उमटलं नाही. ड्राइव्ह लावला, काढला, पुन्हा लावला, तरी एकही ओळ नाही. ही शांतताही माहितीच आहे: तारांच्या पातळीवर संपर्कच झालेला नाही, त्यामुळे ड्रायव्हर, मॉड्यूल (कर्नेलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे भाग), फाइलसिस्टिम हे सगळे विषय तूर्त बंद. त्याच पोर्टला माउस लावून पाहा. माउस चालला तर पोर्ट ठीक, दोष केबलचा किंवा ड्राइव्हचा. एन्क्लोजरमधली (बाहेरच्या खोक्यातली) हार्ड डिस्क असेल तर केबलवर पहिला संशय घ्या. स्वस्त चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत वीज आणि जमीन एवढ्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने डिस्कचा दिवा लागतो, डिस्क फिरते, हाताला थरथर जाणवते आणि कर्नेलला मात्र काहीही कळत नाही. दिवा लागला म्हणजे जोडणी झाली, हा समज इथेच फसतो. टाइप-सी असेल तर प्लग उलटा करून पाहा. एका बाजूचे संपर्क खराब झालेले असतील तर एका दिशेने चालतं, दुसऱ्या दिशेने नाही. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर अडचण असेल तर मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टवर लावा, कारण पुढचे पोर्ट आतल्या लांब केबलवर असतात आणि तो जोड सैल होण्याचं प्रमाण बरंच असतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने टेबलावर उघड्या पडलेल्या ड्राइव्हच्या पट्ट्यांवर काळपट थर धरतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

माउसही चालला नाही आणि इतर पोर्टही मुके असतील, तर डीमेसेजमध्ये मागे जाऊन "एचसी डाइड" हे शब्द शोधा. होस्ट कंट्रोलरनेच (मशीनचे यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या चिपनेच) प्रतिसाद देणं बंद केलं की कर्नेल त्याला मृत धरून त्याच्यावरची सगळी उपकरणं काढून टाकतो. रीस्टार्टने तो परत येतोच, पण चालू कामं सोडायची नसतील तर कंट्रोलर ड्रायव्हरपासून तोडून पुन्हा जोडता येतो: सिस फाइलसिस्टिममध्ये पीसीआय ड्रायव्हर्सखालच्या एक्सएचसीआय_एचसीडी फोल्डरातल्या अनबाइंड फाइलीत कंट्रोलरचा पत्ता लिहायचा, मग बाइंड फाइलीत तोच. इंटेलच्या बहुतेक मशीनवर हा पत्ता ००००:००:१४.० असतो, एलएसपीसीआयने खात्री करून घ्या. त्याच कंट्रोलरवर कीबोर्डही असेल तर दोन्ही आज्ञा एकाच ओळीत द्या, नाहीतर दुसरी टाइप करायला कीबोर्डच उरणार नाही. एक्सएचसीआयचा हा ड्रायव्हर सॅरा शार्प यांनी इंटेलमध्ये असताना लिहिला आणि तो २००९ च्या सप्टेंबरात आलेल्या २.६.३१ कर्नेलमध्ये दाखल झाला. यूएसबी ३ ला आधार देणारी पहिली ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स ठरली ती त्यामुळे. लिनक्सला हार्डवेअर उशिरा कळतं असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला बरं पडतं.

आता दुसरी शक्यता: ओळी येतात, पण चुकांच्या. "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे ७१". उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉलचा गोंधळ, बिट वाटेत बिघडले. उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. उणे ३२ म्हणजे उपकरणाने विनंती धुडकावली. नवीन उपकरण आलं की कर्नेल त्याला रीसेट करतो, पत्ता देतो आणि "तू कोण" असं विचारतो. हे नीट झालं नाही तर वेगवेगळ्या पद्धतीने पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून उपकरण क्रमांक ६, ७, ८ असे चढत जातात आणि अखेर "अनएबल टू एन्युमरेट" येतं. याच सुमारास कधी कधी कर्नेल सरळ प्रश्न टाकतो: "मेबी द यूएसबी केबल इज बॅड?" हबच्या कोडमध्ये हे वाक्य अक्षरशः असंच लिहिलेलं आहे आणि ते गांभीर्याने घ्यावं. उणे ७१ वर ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करण्यात संध्याकाळ घालवणारे लोक असतात. त्या चुकीला ड्रायव्हरचा उपाय जवळपास कधीच लागू पडत नाही. केबल, हब, पोर्ट, वीज हे क्रमाने बदलून पाहायचं. ते सगळं बदलूनही प्रत्येक मशीनवर उणे ७१ च येत असेल तर ड्राइव्हचा कंट्रोलर गेला.

विजेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण बाहेरच्या हार्ड डिस्कच्या तक्रारींत तिचा हात सर्वांत जास्त वेळा असतो आणि तिच्यावर संशय सर्वांत शेवटी जातो. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ च्या पोर्टने ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला वरून ५०० मिळतात. त्यातले १०० तो स्वतःसाठी धरतो आणि चार तोंडांना प्रत्येकी १०० च्या हिशेबाने वाटतो. अशा हबवर जास्त मागणारं उपकरण लावलं की कर्नेल "इनसफिशियंट अव्हेलेबल बस पॉवर" म्हणून ते नाकारतो. हा सरळ नकार परवडला. खरा त्रास अडीच इंची हार्ड डिस्कचा. ती कागदोपत्री मर्यादेत बसते, पण थांबलेल्या तबकड्या फिरवायला सुरुवात करताना क्षणभर त्याहून बरीच जास्त वीज ओढते. व्होल्टेज खाली येतं, डिस्क बंद पडते, पुन्हा सुरू होऊ पाहते. कानाला "टिक… टिक…" ऐकू येतं, नोंदींत डिस्कनेक्ट आणि नवीन उपकरण यांचा पाठशिवणीचा खेळ दिसतो. एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) डॅश व्ही मधला "मॅक्सपॉवर" आकडा इथे उपयोगी नाही, कारण तो उपकरणाने स्वतःबद्दल सांगितलेला आकडा आहे, मोजलेला नव्हे. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टपुढे छापलेले अँपिअर वाचा, तो आकडा जास्त विश्वासाचा. उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, आखूड केबल आणि थेट मशीनवरचा पोर्ट. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ती अडॅप्टरशिवाय चालण्याचा प्रश्नच नाही.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ हवा. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर असेल तर १.६ अँपिअर, नाहीतर ६०० मिलिअँपिअरच. मोबाइलचा चार्जर लावून वर दोन डिस्क जोडल्या की "अंडरव्होल्टेज डिटेक्टेड" येणारच. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड या आज्ञेचं उत्तर शून्य नसेल तर आधी अडॅप्टर बदला, बाकीचं नंतर.

सुपरस्पीडची डिस्क नुसत्या ४८० मेगाबिटच्या वेगाने चालतेय का, हे एलएसयूएसबी डॅश टी मध्ये दिसतं; ५००० एम हवं तिथे ४८० एम असेल तर बहुधा प्लग अर्धवट बसलाय. जुन्या चौकोनी निळ्या प्लगमध्ये यूएसबी ३ च्या जादा पट्ट्या आत खोल असतात. फार हळू सारत लावलं तर पुढच्या पट्ट्या आधी टेकतात आणि यूएसबी २ ची जोडणी उरकून जाते. झटक्यात लावायचं, बस. आणि डिस्क लावल्यावर वायरलेस माउस अडखळू लागला तर तो तुमचा भास नाही: यूएसबी ३ च्या संदेशांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. माउसचा रिसीव्हर लहानशा एक्स्टेंशनवर लांब न्या.

आता जरा अवघड जागा. एन्क्लोजर सापडतं, एसडीबी येतो, फाइलीही दिसतात, पण मोठी कॉपी सुरू केली की काही मिनिटांत सगळं गोठतं. नोंदींत "यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर" आणि पाठोपाठ रीसेट. जुन्या मास स्टोरेज पद्धतीत एका वेळी एकच हुकूम जातो, तो पुरा झाला की पुढचा. यूएएस या नव्या पद्धतीत अनेक हुकूम एकदम रांगेत लावता येतात आणि एसएसडीला त्याचा मोठा फायदा होतो. साटा (हार्ड डिस्कची आतली जोडणी) आणि यूएसबी यांच्यामधली काही ब्रिज चिप मात्र यूएएस येतं म्हणून सांगते आणि भार वाढला की कोलमडते. अशा चिपची लांबलचक यादी कर्नेलच्या कोडमध्येच ठेवलेली आहे. त्यात तुमची नसेल तर स्वतः सांगावं लागतं. एलएसयूएसबीने क्रमांक काढा, समजा तो १५२डी:०५७८ आहे. ईटीसी खालच्या मॉडप्रोब.डी मध्ये डॉट कॉन्फने संपणारी फाइल करून त्यात "ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू" ही एक ओळ घाला. शेवटचा यू म्हणजे यूएएस टाळ. डेबियन कुळात त्यानंतर अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू चालवा. रास्पबेरी पायवर हेच सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स असं टिंब देऊन लिहायचं, तेही आहे त्याच ओळीत. नवी ओळ केली तर ते वाचलं जात नाही. पुन्हा लावल्यावर "यूएएस इज इग्नोर्ड" दिसलं की लागू झालं. वेग थोडा कमी होईल. पण याआधी वीज तपासलेली असली पाहिजे, कारण अपुऱ्या विजेची लक्षणं अगदी अशीच दिसतात आणि यूएएस बंद केल्यावर भार घटल्यामुळे रोग बरा झाल्यासारखा वाटतो. केबल आणि अडॅप्टर निर्दोष ठरल्याशिवाय क्वर्क (अशी अपवादाची ओळ) लिहू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

लॅपटॉपवर ड्राइव्ह थोडा वेळ वापराविना राहिला की गायब होत असेल, तर वीज वाचवणारा एखादा प्रोग्राम पाहा. पॉवरटॉपचा ऑटो-ट्यून किंवा टीएलपी यूएसबी उपकरणांना झोपवतात आणि काही ड्राइव्ह उठतच नाहीत. सिस, बस, यूएसबी, डिव्हाइसेस या वाटेने त्या उपकरणाच्या पॉवर फोल्डरात जाऊन कंट्रोल या फाइलीत "ऑन" लिहिलं की त्याचं झोपणं थांबतं. त्याने फरक पडला तर टीएलपीच्या वगळण्याच्या यादीत क्रमांक घाला.

कधी कधी उपकरणाचे क्रमांक येतात आणि पुढे काहीच नाही. मास स्टोरेजची ओळच नाही. एलएसयूएसबी डॅश टी मध्ये ड्रायव्हरची जागा रिकामी. आर्च या लिनक्स वितरणावर याचं नेहमीचं कारण हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे: कर्नेल अपडेट झाला, रीस्टार्ट केलं नाही. चालू कर्नेलची मॉड्यूलं डिस्कवरून पुसली गेली आणि यूएसबी_स्टोरेज आधी लोड झालेलं नव्हतं. युनेम डॅश आर ने सांगितलेल्या आवृत्तीचं फोल्डर लिब-मॉड्यूल्समध्ये नसेल तर रीस्टार्ट हाच इलाज, इथे तो मानाने करावा. कचेरीतल्या मशीनवर कारण वेगळं असू शकतं. मॉडप्रोब.डी मध्ये यूएसबी-स्टोरेजपुढे इन्स्टॉल लिहून बिन-फॉल्स किंवा बिन-ट्रू ठेवलेलं असतं, म्हणजे मॉड्यूल मागितलं की त्याऐवजी काहीच न करणारा प्रोग्राम चालतो. मॉडप्रोब डॅश एन डॅश व्ही यूएसबी-स्टोरेज हे लगेच उघड करतं. नोंदीत "नॉट ऑथराइज्ड फॉर युसेज" असेल तर यूएसबीगार्ड (यूएसबी उपकरणं अडवणारा प्रोग्राम) बसवलेलं आहे; यूएसबीगार्ड लिस्ट-डिव्हाइसेसमध्ये ते अडवलेलं दिसेल. मशीन तुमचं असेल तर परवानगी द्या. नसेल तर ज्याने अडवलं त्याला विचारा, वाट काढू नका.

व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) चालू आहे का तेही पाहा. गेस्टच्या, म्हणजे त्या आभासी मशीनच्या, यूएसबी फिल्टरमध्ये ड्राइव्हचा क्रमांक घातलेला असेल तर लावल्या लावल्या तो गेस्टकडे जातो आणि होस्ट हात चोळत बसतो. आणि अँड्रॉइड फोन एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी देणाऱ्या आज्ञेत) शोधू नका. आजचे फोन एमटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने बोलतात, ती डिस्क नव्हेच. फोनच्या पडद्यावर "फाइल ट्रान्सफर" निवडलं नसेल तर तो फक्त चार्ज होत राहतो.

एसडीबी आला, पण एलएसबीएलकेमध्ये आकार ० बी. कार्ड रीडर असेल तर हे स्वाभाविक आहे, खाच रिकामी आहे किंवा कार्ड पूर्ण बसलेलं नाही. पेनड्राइव्ह असेल तर बातमी वाईट: आतला कंट्रोलर जिवंत आहे, पण त्याला स्वतःची फ्लॅश मेमरी वाचता येत नाही. कुठलाही पार्टिशनचा प्रोग्राम इथे काही करू शकत नाही, कारण पार्टिशन करायला सेक्टरच नाहीत. असाच दुसरा अंत म्हणजे "राइट प्रोटेक्ट इज ऑन". ड्राइव्हवर लॉकचं बटण नसताना हे आलं तर फ्लॅश झिजली आहे आणि कंट्रोलरने लिहिणं कायमचं बंद केलंय. आहे ते लगेच कॉपी करून घ्या आणि तो ड्राइव्ह विसरा.

उलटा प्रकार नकली ड्राइव्हचा. ५१२ जीबी असं छापलेलं, कर्नेललाही ५१२ च दिसतं, कारण कंट्रोलरचं फर्मवेअरच खोटं बोलतं. आत ८ किंवा १६ जीबी. त्यापुढचं लिखाण हवेत जातं किंवा जुन्यावर चढतं आणि मग फाइलसिस्टिम "बिघडते". एफथ्री नावाची साधनं यासाठीच आहेत. एफथ्रीराइट ड्राइव्हची मोकळी जागा एकेक जीबीच्या फाइलींनी भरतं, एफथ्रीरीड त्या वाचून पडताळतं. नवा स्वस्त ड्राइव्ह घेतला की पहिली गोष्ट ही करावी, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

हार्ड डिस्क एका डॉकमधून (डिस्क खोचायच्या यूएसबी स्टँडमधून) काढून दुसऱ्यात किंवा थेट साटावर लावली आणि पार्टिशनं नाहीशी झाली, ही तक्रार माणसाला घाम फोडते आणि बहुतेकदा डेटा जागच्या जागी असतो. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्क एमबीआर या पार्टिशन टेबलाच्या जुन्या पद्धतीत चालाव्यात म्हणून काही डॉक ५१२ बाइटचे आठ सेक्टर जोडून ४०९६ बाइटचा एक सेक्टर असल्याचं सांगतात. पार्टिशन टेबलातले आकडे त्या मापाने लिहिले जातात. डॉक बदलला की माप ५१२ होतं, आकडे तेच राहतात आणि पार्टिशनची सुरुवात आठपट अलीकडे शोधली जाते. तिथे अर्थातच काही सापडत नाही. जुना डॉक असेल तर त्यातच परत लावा. नसेल तर लोसेटअपला (losetup) डॅश-डॅश सेक्टर-साइझ ४०९६, डॅश पी (हे एक अक्षर मात्र मोठं), डॅश आर, डॅश एफ आणि डॅश-डॅश शो देऊन डेव्ह-एसडीबीवर चालवा. ते लूप उपकरणाचं (डिस्कसारख्या वागणाऱ्या आभासी उपकरणाचं) नाव छापेल आणि त्याखाली पार्टिशनं उगवतील, तीही फक्त वाचण्यासाठी उघडलेली. या डिस्कवर नवीन टेबल लिहा असं सुचवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला नाही म्हणा.

पार्टिशन दिसतं पण माउंट होत नाही (वापरायला उघडत नाही), हा भाग तुलनेने सोपा. एलएसबीएलके डॅश एफ प्रकार सांगतं. एक्सफॅट असेल आणि कर्नेल ५.७ पेक्षा जुना असेल तर एक्सफॅट-फ्यूज बसवा. त्या आवृत्तीत, २०२० साली, सॅमसंगचा ड्रायव्हर आत आला आणि प्रश्न मिटला. एनटीएफएस "डर्टी" असल्याची कुरबुर आली तर विंडोजने डिस्क अर्धवट सोडली आहे, बहुधा फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून शटडाउन करा किंवा सीएचकेडीएसके चालवा. विंडोज हाताशी नसेल तर आरओ पर्यायाने फक्त वाचण्यासाठी माउंट करून कॉपी करा; एनटीएफएसफिक्स डॅश डी ती "डर्टी" खूण पुसतं, पण पूर्ण दुरुस्ती करत नाही. कधी काळी लिनक्सची आयएसओ लिहिलेला पेनड्राइव्ह आयएसओ९६६० दाखवतो आणि बाकीची जागा हरवल्यासारखी वाटते. तिथे वाइपएफएस डॅश ए योग्य आहे. फक्त एसडीबी म्हणजे तोच ड्राइव्ह ना, हे आकार आणि मॉडेल पाहून ठरवा. ही नावं दर वेळी बदलू शकतात. त्याच कारणाने एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्या यादीत) एसडीबी१ कधीच लिहू नये. यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहावा आणि नोफेल जोडावं, नाहीतर ड्राइव्ह लावलेला नसताना बूट दीड मिनिट अडतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं.

हाताने माउंट केलेल्या फॅट ड्राइव्हवर "लग्नाचे फोटो" या फोल्डरच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर नाव बिघडलेलं नाही. माउंटला डॅश ओ यूटीएफ८ द्या, देवनागरी परत येते. यूडिस्कसीटीएल माउंट वापरलं तर हे आपोआप होतं आणि फाइलींची मालकीही तुमच्याकडे येते, म्हणून मी तेच सुचवतो. आणि झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला, विंडोजवर फक्त शॉर्टकट दाखवणारा पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडला की मूळ फाइली बहुधा तशाच सापडतात. शॉर्टकट व्हायरस त्यांना लपवल्याची खूण लावतो, लिनक्सचा फॅट ड्रायव्हर ती खूण पाळत नाही. काही प्रकार सगळं एका बिननावाच्या फोल्डरात ढकलतात. यादीत कोरी जागा दिसली तर तिच्यावर क्लिक करा.

उरली मरणपंथाला लागलेली डिस्क. "आयओ एरर, डेव्ह एसडीबी, सेक्टर" अशा ओळी वाढत चालल्या असतील तर एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्तीची आज्ञा) चालवू नका, ते लिहितं. तिच्या पूर्ण आकाराएवढी जागा दुसऱ्या डिस्कवर मोकळी करा आणि डीडीरेस्क्यू डॅश एन, मग डेव्ह-एसडीबी, इमेजचं (डिस्कच्या हुबेहूब प्रतीचं) नाव, मॅप फाइलचं नाव अशी आज्ञा द्या. पहिल्या फेरीत सोपं सोपं वाचून घेतलं जातं आणि खराब पट्टे सोडले जातात. दुसऱ्या फेरीत डॅश डी डॅश आर३ देऊन त्याच इमेजवर आणि त्याच मॅप फाइलने राहिलेले सेक्टर तीनदा वाचून पाहायचे. टेस्टडिस्क किंवा फोटोरेक (हरवलेला डेटा परत शोधणारे प्रोग्राम) चालवायचं ते इमेजवर. डिस्क मध्येच गळून पडली किंवा फार तापली तर कंट्रोल-सीने थांबवा, थंड होऊ द्या, पुन्हा लावल्यावर नवं नाव एसडीसी झालंय का ते पाहून आज्ञेत बदला. मॅप फाइल जिथे काम सोडलं तिथून पुढे नेते.